वेशीचे एक्केचाळीस दगड

"गाढवावर उलटा बसीन. तोंड शेपटाकडं करून. बस, झालं?"

जगदेव गवंडी बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याला कळलं की आपण फसलो. तोवर पुंजाजीनं त्याच्या तळहातावर टाळी मारलीसुद्धा होती. पारावरचे चार-पाच जण "पक्कं! पक्कं!" करून ओरडले. कोणाच्या तरी तोंडातली सुपारी खाली पडली, ती त्यानं उचलून परत तोंडात टाकली.

"अन् समदे दगड परत आले, तर म्या उलटा बसतो," पुंजाजी म्हणाला. "गाढव काय, माह्यंच हाय. मले ते ओळखते. तुले लाथ मारन."

पुंजाजीकडे दोन गाढवं होती. तीस वर्षं जगदेवच्या कामावर माती-रेती त्याच्याच गाढवांवरून यायची. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नव्हतं आणि एकमेकांशी सरळ बोलणंही कधी झालं नव्हतं.

झालं होतं असं. वाशीमच्या खालच्या पुऱ्याला, म्हणजे खालच्या वस्तीला, एक जुनी वेस होती. काळ्या दगडाची, कमानीची, वर बसायला सज्जा, आत दोन बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. आता पहारेकरी नव्हते. एका देवडीत कुत्री वीत, दुसरीत पत्ते चालत. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडं जायला लागल्यापासून मात्र वेशीची कटकट सुरू झाली. भरलेली गाडी कमानीत अडकायची, मागं वीस गाड्या थांबायच्या आणि गाडीवाले एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. म्युनिसिपल कमिटीत अर्ज गेला. अकोल्याहून इंजिनिअर साहेब आला. त्यानं वेशीच्या बुडाशी हातातली काठी सहज टोचली, तर काठी हातभर आत गेली. साहेबानं काठी बाहेर काढली, टोकाचा चिखल पाहिला आणि म्हणाला, "हे आतून पोकळ आहे. उद्या कोणाच्या अंगावर येईल. पाडा."

वेशीला पाठ लावून सात घरं होती. वेस पाडायची म्हणजे लागूनचा तट जाणार, आणि तट गेला की सातही घरांच्या मागच्या भिंती जाणार. त्या घरातल्या बाया रडायला लागल्या. साहेब काही दगडाच्या काळजाचा नव्हता. त्यानं पुन्हा फिरून पाहिलं. पलीकडं तट आधीच ढासळला होता, तिथून गाड्यांचा रस्ता निघू शकत होता. "बूड दगडानं भरून दाखवा," तो म्हणाला. "आठ दिवसांनी बाजाराच्या दिवशी येतो. पण नव्या दगडाला कमिटीकडं पैसा नाही, हे आताच सांगतो."

साहेब गेला आणि पुरा बोंबलायला लागला. पावसानं खाल्लं, उंदरांनी पोखरलं, जुन्या लोकांनीच कच्चं बांधलं. ज्याच्या तोंडाला जे आलं ते तो बोलला. जगदेवला मात्र माहीत होतं दगड कुठं गेले ते.

घरात गेले होते. पुऱ्यातली जुनी समजूत अशी, की पटकीची साथ असो, देवीची साथ असो, वेस तिला बाहेर थोपवते. मग वेशीचा एक दगड आपल्या उंबऱ्याखाली बसवला तर आपल्या घराला स्वतःची वेस होते. नवं घर झालं, की मालक पहाटे वेशीला नारळ फोडायचा, बुडातला एक दगड सैल करायचा आणि गोणपाटात गुंडाळून घरी आणायचा. प्रत्येक जण मनाशी म्हणायचा, एका दगडानं काय होते? आणि उंबरा बसवायला कोण? जगदेव. रिकाम्या भोकात चिखल-गोटे भरून वरून चुना फिरवायला कोण? तोही जगदेवच. मजुरीला अर्धा नारळ आणि एक टोपी. तीस वर्षांत एक्केचाळीस दगड. टोप्या त्यानं फाडून कधीच लंगोट्या केल्या होत्या.

म्हणूनच तो पारावर बोलून गेला, "दगड कुठं हायेत मले मालूम हाय. आठ दिवसांत समदे परत आनतो." आणि पुंजाजीनं लगेच गळ टाकला: "ह्या पुऱ्यातले लोक? हे पायाला लागलेला चिखल देत नाईत कोनाले! आनच तू. नाई आनले तर काय करशीन?"

जगदेवचं वय बासष्ट. दसऱ्यापासून थापी हातात धरायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. गुडघे बसताना एक बोलत आणि उठताना दुसरं. त्याला झोपायचं होतं. तरी दुसऱ्या दिवशी पहार खांद्यावर टाकून तो निघाला, आणि पहिल्यांदा स्वतःच्याच उंबऱ्यासमोर उकिडवा बसला.

"हे काय लावलं?" कस्तुराबाई पीठ मळता मळता बाहेर आली.

"आपला आधी. नाईतर लोक म्हनतीन, सोताचा ठेवला."

"लोक तसेबी म्हनतीनच," ती म्हणाली. पण पिठाच्या हातानं तिनं दगडाची एक बाजू धरली.

पहिला दगड निघाला. त्या जागी जगदेवनं वावरातला साधा दगड ओबडधोबड घडवून बसवला. म्हणजे काम दुप्पट. एक काढायचा, एक घालायचा. एक्केचाळीस वेळा.

रामराव कमिटीचे मेंबर. पुऱ्यात सगळ्यात मोठं घर. वेस पाडा म्हणून अर्जावर पहिली सही त्यांची, आणि साहेबासमोर 'आपली प्राचीन वेस' म्हणून पहिले डोळे पुसणारेही तेच.

"माह्या घरी? वेशीचा दगड?" त्यांनी कानाला हात लावले. "राम राम! जगदेवा, तुले ऊन लागलं."

"एक उंबऱ्याखाली, अन् एक धान्याच्या कनगीखाली, मालक. कनगीखालचा म्याच बसवला. तवा तुमी मले ताक पाजलं होतं. आंबट होतं."

रामरावांनी इकडं तिकडं पाहिलं. ओसरीवर दोन माणसं बसली होती, ती छताकडं पाहत होती. "बुढ्यानं आनले असतीन," ते पुटपुटले. बुढा म्हणजे त्यांचा बाप. बाप मेल्यावर सात वर्षांनी घर बांधलं होतं, पण जगदेवनं मान हलवली आणि पहार टेकवली. मेलेल्या माणसावर ढकललं की काम लवकर होतं, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव.

घरोघर तेच. "एका दगडानं वेस पडते का गा?" जगदेव पहिल्या दिवशी उत्तर द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून नुसता बसायचा आणि खणायला लागायचा. कोणी म्हणे, आधी शेजाऱ्याचा काढ. शेजारी म्हणे, त्याचा निघाल्यावर ये. एकानं दाराला कुलूप लावून स्वतः आत बसून घेतलं. तो आत खोकला, म्हणून सापडला.

तिसऱ्या दिवशी चतुराबाईनं गंमत केली. ही वेशीला लागलेल्या सातांपैकी एका घरची, आवाज असा की चुलीवरचं दूध न तापता उतू जावं. तिनं आपला दगड स्वतःच उकरला, चुंबळ करून डोक्यावर घेतला आणि भर गल्लीतून चालत निघाली.

"पाहून घ्या वं बायाहो! म्या चोरला होता, म्या परत नेऊन राह्यली! आता ज्याच्या ज्याच्या घरी हाय त्याचं नाव घेऊ का?"

दुपारपर्यंत वेशीखाली अकरा दगड येऊन पडले. काही तर पुसून, हळद-कुंकू लावून. पुंजाजी ढिगाकडं पाहून मिशी चावत होता. "गाढव जरासं आजारी हाय," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी उठते का नाई, सांगता येत नाई."

"तुले उचलून ठेवू आमी त्याच्यावर," कोणीतरी म्हणालं.

जगदेव हसला नाही. शेजाऱ्याचा बैल जुंपून चुन्याची घाणी फिरत होती, आणि तो एकेक दगड हातानं चाचपून त्याच्या भोकात घालत होता. दगड बोलत नाहीत, पण टाकीचे घाव बोलतात. कुठला कुठं बसायचा ते त्याच्या बोटांना कळायचं. रात्री कस्तुराबाई त्याच्या गुडघ्यांना तेल लावायची आणि मधेच विचारायची, "दुखते का?" तो म्हणायचा, "नाई." ती म्हणायची, "मंग कन्हतो काहून?"

बाजाराच्या आदल्या दिवशी चाळीस झाले. राहिला एक. गोजराबाईचा.

गल्लीच्या टोकाला, तटाला लागून तिचं घर. विधवा बाई, पापड लाटून राहायची. जगदेव गेला तेव्हा ती दारातच बसली होती. तिला माहीत होतं तो येणार. ती उठली, लाटणं-पोळपाट बाहेर आणलं, बाज ओढत ओढत बाहेर आणली, पाण्याचा घडा आणला, आणि गल्लीत बाजेवर बसली.

"काढ बापा."

"अन् हे सामान काहून बाहेर?"

"दगड गेल्यावर म्या आत नाई निजत. काढ. तुह्यावर माहा राग नाई."

जगदेवनं पहार लावली.

"दोन लेकरं नेली पटकीनं," ती पोळपाटाकडं बघत म्हणाली, जसं काही मिठाबद्दल सांगत होती. "मंग तू ह्यो दगड बसवला. तिसरा राह्यला. आता अकोल्याले मिलमधी हाय, त्याले दोन पोट्टे हायेत. तू काय म्हनला होतास, याद हाय का?"

जगदेवला आठवलं. आठवायचं काय, तेच तो चाळीस घरी म्हणाला होता. दगड बसला, की वर थापीनं तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "घ्या, आता कोनी नाई येत आत." त्यानंतर नारळ फुटायचा. ते नारळासाठीचं बोलणं होतं. ऐकणारे हसायचे, खोबरं वाटायचे, विसरायचे. ही बाई बावीस वर्षं त्या बोलण्यावर पाय ठेवून आत-बाहेर करत होती.

त्यानं पहार काढून घेतली. 

"मोजायले चुकलो म्या," तो म्हणाला. "तुह्याइथं वेशीचा दगड नाईच. नाल्यातला हाय. ने बाज आत."

गोजराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. ती खुळी नव्हती. पण बाज ती आत घेऊन गेली.

जगदेवनं वावरातला एक बरा दगड शोधला, संध्याकाळपर्यंत घडवला आणि शेवटच्या भोकात बसवला. पक्का बसला. पाहणाऱ्याला काही फरक कळला नसता.

बाजाराच्या दिवशी साहेब आला. त्यानं बुडाला चारही बाजूंनी काठी टोचली. काठी वाकली. नवी काठी मागवली, तीही वाकली. "ठीक आहे," तो म्हणाला, "वेस राहू द्या. गाड्या पडक्या तटातून न्या." कमिटीच्या कागदावर त्यानं तसं लिहिलं. रामरावांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि दुसरा हार चुकून स्वतःच्याच गळ्यात घालून घेतला.

मग सगळा बाजार पुंजाजीकडं वळला. पुंजाजीनं गाढव आणलं होतं. गाढव ठणठणीत होतं. पुंजाजीनं टोपी काढून खिशात घातली, दोघांच्या खांद्याचा आधार घेतला आणि शेपटाकडं तोंड करून वर चढला. डबडी वाजायला लागली.

"उतर," जगदेव म्हणाला.

"काहून? चढायलेच अर्धा जीव गेला."

"चाळीसच आले. एक नवा हाय. तुले नाई कळनार, मले कळते."

डबडी वाजायची थांबली. रामराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "अबे, कोन मोजते? साहेब गेला."

"म्या मोजले ना."

"कोनाचा राह्यला?" चतुराबाईनं कमरेवर हात ठेवले. "नाव सांग! आत्ता जाऊन उकरते!"

जगदेवनं गर्दीवरून नजर फिरवली. गोजराबाई मागं, मिरच्यांच्या दुकानाआड उभी होती. पदर तोंडाशी.

"माहा," तो म्हणाला.

मग काय विचारता! जो हशा झाला तो बाजाराच्या पार टोकाला भाजीवाल्यांनी ऐकला. "दुसऱ्याचे उंबरे खनले, अन् सोताचा झाकून ठेवला!" "वा रे गवंडी!" कुलूप लावून आत बसलेला माणूस सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. कस्तुराबाईनं तोंड उघडलं. तिच्या नखांच्या फटीत अजून उंबऱ्याची माती असेल. जगदेवनं तिच्याकडं पाहिलं. तिनं तोंड मिटलं, नवऱ्याकडं एकदा नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बस मंग लवकर. पोया थंड होऊन राह्यल्या."

पुंजाजी उतरला. जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. तीस वर्षं त्यानं जगदेवची माती-रेती वाहिली होती. जगदेवच्या घरचा उंबरा पहिल्या दिवशी निघाला, तेव्हा तो दगड वेशीपर्यंत ह्याच गाढवानं आणला होता.  त्यानं जगदेवच्या काखेत हात घातले, जपून वर बसवलं, आणि स्वतःचं उपरणं काढून गाढवाच्या पाठीवर त्याच्या खाली सरकवलं.

"हाड रुतन तुले," तो म्हणाला. "शेपूट धरू नको. लाथ मारते."

गाढव वेशीतून बाहेर निघालं. पोट्टे डबडी बडवत पुढं, बाया हसत मागं. कोणीतरी जगदेवच्या डोक्यावर कोबीचं पान ठेवलं. ते त्यानं राहू दिलं. तोंड मागं होतं, म्हणून गाढव जसजसं पुढं जाई तसतशी वेस त्याच्यासमोर उघडत गेली. आधी बूड, मग देवड्या, मग कमान, मग सज्जा. तीस वर्षं तो तिच्या बुडाशी वाकून बसला होता. एवढ्या लांबून, अख्खी, त्यानं ती कधी पाहिलीच नव्हती. डावीकडं जराशी कलली होती. त्याला वाटलं, ओळंबा लावायला पाहिजे. मग वाटलं, मरू दे.

जिनाच्या वळणावर गाढव थांबलं. पुंजाजीनं विचारलं, "अजून नेऊ? ठरलं तर एवढंच होतं."

"थांबू दे थोडं," जगदेव म्हणाला. "मंग घरी ने. मले निजायचं हाय."