वेगळे प्रूइट

डेलियानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार तिसऱ्यांदा उघडलं आणि सोडून दिलं. दार जरा खाली बसलेलं होतं. मिटताना आधी चौकटीला घासलं, मग अडखळत जागेवर गेलं. ती काही बोलली नाही. लोरेटामावशीनं बजावलंच होतं, तीनदा उघड-मीट करायची आणि गप्प राहायचं. काय बोलायचं ते त्या आवाजालाच बोलू द्यायचं.

मिस्टर डुडेक दोन पावलांवर कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. सत्तरी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस, डोक्यावर लोकरीची टोपी. एप्रिल निम्मा सरला तरी त्यांच्या घराच्या सावलीत काळपट बर्फाचा एक ढीग अजून तग धरून होता.

"बिजागरीची पिन झिजलीय," ते म्हणाले. "लावताना जरा वर उचलायचं, मग नीट बसतं. वय झालं तिचं. बाकी इंजिन कसं आहे ते तू आत्ता पाहिलंसच."

इंजिन चांगलं होतं. ती चौकाला वळसा घालून आली तेव्हाच तिला ते कळलं होतं, आणि कळल्याचं तोंडावर दिसू नये म्हणून ती उतरल्यावर कडेवरच्या बाळाच्या, विनीच्या, टोपीचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधत बसली होती. चार दारांची लहानशी गाडी, उडालेला हिरवा रंग, एक लाख अठरा हजार मैल. आठ मैलांवरच्या कारखान्यातच जोडलेली. तो कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती, पण या भागात अजूनही तिथली गाडी विकायची म्हणजे घरातलं माणूस विकल्यासारखंच लोक वागत. समोरच्या काचेवर डुडेकांनी पांढऱ्या रंगानं किंमत लिहिली होती, दोन हजार चारशे डॉलर. आकडे सुबक होते.

डेलियाला गाडी हवी होती. पहिल्या तारखेपासून शहरातल्या रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला रुजू व्हायचं होतं. जायला एकतीस मैल, यायला एकतीस, आणि बस नावाची गोष्ट या बाजूला नाहीच. अर्जावर एक प्रश्न होता: खात्रीचं वाहन आहे का? तिनं 'हो'वर खूण केली होती. त्या दिवशी तिच्याकडे वाहन म्हणजे विनीची बाबागाडी होती.

म्हणून मावशीनं तिला इथवर आणून सोडलं होतं. इथवर म्हणजे कोपऱ्यापर्यंत. मावशीची गाडी जपानी. "युनियनवाल्याच्या दारात ही गाडी नेलीस तर तो भाव शंभरानं वाढवेल," ती म्हणाली होती, "आणि ती बाळाची खुर्ची आधीच घेऊन जाऊ नकोस. खुर्ची दिसली की तुझी गरज दिसली." मग दोघींनी मिळून विनीची गाडीतली खुर्ची कोपऱ्यावरच्या झुडपांच्या कुंपणाआड ठेवली होती, चोरीचा माल ठेवावा तशी. बाळ मात्र कडेवर घेऊन जायचं. बाळाकडे बघून भाव ताणायची छाती कुणाला होत नाही, हेही मावशीचंच म्हणणं.

विनी चौदा महिन्यांची होती. ती डुडेकांकडे बघून हसली. ते हसले नाहीत, पण त्यांनी खिशातून एक हात काढून तिला दोन बोटं हलवून दाखवली.

आता शेवटचं वाक्य उरलं होतं. डेलियानं दाराच्या कडेवरून बोट फिरवलं.

"सोमवारची गाडी दिसतेय," ती म्हणाली.

बोलली आणि तिला वाटलं, हा आवाज आपला नाही. कारखान्याच्या आसपास वाढलेल्या प्रत्येकाला हे शब्द ठाऊक होते. सोमवारची गाडी म्हणजे रविवारची दारू उतरायच्या आत माणसांनी थरथरत्या हातांनी जोडलेली. कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर उभी राहणारी माणसं हे एकमेकांत म्हणत, हसत, दुसऱ्याच्या पाठीत थाप मारत म्हणत. बाहेरच्यानं म्हणायचं नसतं. भाव पाडायला तर नाहीच नाही.

डुडेक तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर दारावर गेली. ते पुढे आले, मूठ धरून दार जरासं वर उचललं, आणि लावलं. अजिबात आवाज झाला नाही.

"दोन हजार दे," ते म्हणाले.

तिनं मागितलं नव्हतं. मागायच्या तयारीत होती, घासाघीस करायच्या तयारीत होती, दोन हजार शंभरवर थांबायचं असं तिनं ठरवलंही होतं. त्यांनी तिला त्यातलं काहीच करू दिलं नाही. तिचे कान तापले.

"चालेल," ती म्हणाली. "थँक यू, मिस्टर डुडेक."

"ती कुंपणामागची खुर्ची आणू का?" ते म्हणाले. "भिजेल तिथे. माझ्या बायकोनं, इरेनानं, खिडकीतून बघितली. तिला आता माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पण रस्त्यावर कोण काय ठेवतं ते बरोबर दिसतं."

ते खरंच चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि खुर्ची छातीशी धरून घेऊन आले. डेलिया वाटेच्या मधोमध उभी होती. विनीला या कडेवरून त्या कडेवर घेण्यापलीकडे तिला करण्यासारखं काही सापडलं नाही. खुर्ची त्यांनीच मागच्या सीटवर बसवली, गुडघा टेकून, पट्टा दोनदा ओढून बघत. हाताला सवय असावी तशी.

कागद त्यांनी गाडीच्या बॉनेटवर पसरला. गाडीचा मालकीचा कागद, खाली विकणाऱ्याची सही, वर घेणाऱ्याचं नाव. त्यांनी सही केली आणि पेन तिच्या हातात दिलं. तिनं पैशांच्या लिफाफ्यातले दोन हजारांवरचे काढून घेतले आणि तो दिला. त्यांनी तो न उघडता खिशात घातला. हे उघडून बघण्यापेक्षा जास्त टोचलं तिला.

"नाव स्वच्छ अक्षरात लिही. खोडलं तर कचेरीतली बाई परत पाठवते."

तिनं लिहिलं. डेलिया मे प्रूइट.

त्यांनी कागद उचलून लांब धरला. चष्मा नव्हता. बराच वेळ त्यांनी तो तसाच धरून ठेवला, तीन शब्दांना लागावा त्यापेक्षा जास्त.

"प्रूइट," ते म्हणाले. "वेंडल प्रूइटची कोण?"

वेंडल तिचा बाप. कारखान्यात उजव्या बाजूची दारं लावायचा. सोमवारचा वेंडल, असं लोरेटामावशी म्हणायची, जेवणाच्या टेबलावर, त्याच्यासमोर, आणि डेलियाची आई मान खाली घालून बटाटे वाढायची. शाळेत कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की पोरं डेलियाकडे बघून विचारायची, उजवं दार तपासलं का?

"कोणी नाही," डेलिया म्हणाली. "आम्ही वेगळे प्रूइट."

विनीनं तिच्या गळ्यात तोंड खुपसलं. 

"असं होय," डुडेक म्हणाले. "आहेत खरे, पुष्कळ प्रूइट आहेत या बाजूला."

त्यांनी कागदाची घडी करून तिला दिली. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि गाडीच्या मागे जाऊन आपली नंबरप्लेट काढायला खाली बसले. नंबर विकणाऱ्याकडेच राहतो; गाडी जाते, नंबर घरी राहतो. डेलियानं विनीला खुर्चीत बसवून पट्टे लावले. मागची काच अर्धी उघडी होती. त्यांचा आवाज त्यातून आत येत होता. ते तिच्याकडे न बघता, स्क्रूशी बोलत असावेत तसे बोलत होते.

"बरं झालं वेगळे आहात ते. त्याच्या घरच्या माणसाला हे सांगता आलं नसतं मला."

ती थांबली. हातातला पट्टा तसाच राहिला.

"मी डावी दारं लावायचो, तो उजवी. सतरा वर्षं. मध्ये गाडी, दोन्ही बाजूंना आम्ही दोघं. नवऱ्याबायकोला एकमेकांचं तोंड दिसत नाही इतकं आम्ही एकमेकांचं बघितलं." स्क्रू किरकिरला. "सोमवारी तो यायचा नाही. नाहीतर यायचा आणि उभं राहता यायचं नाही त्याला. मग एक दार माझं, एक त्याचं, आणि पलीकडचा एक माणूस हात लावायचा. मुकादमानं विचारलं, प्रूइट कुठाय, की आम्ही म्हणायचो, संडासात गेलाय, पोट बिघडलंय. अख्ख्या मिशिगनमध्ये इतकं पोट बिघडलेला दुसरा माणूस नसेल."

ते हसले नाहीत, पण आवाजात जरा हसू होतं. मग तेही गेलं.

"पण मंगळवारी बघावं त्याला. मंगळवार ते शुक्रवार. दार चढवायचा, आणि मग एका बोटानं ढकलायचा. एकाच बोटानं. मान तिरकी करून ऐकायचा. मला कधी जमलं नाही ते. मला खांदा लावायला लागायचा."

डेलियाला ते बोट ठाऊक होतं. रात्रपाळीहून आला की तिच्या खोलीचं दार तो असंच लावून घ्यायचा. जागी असली तरी ती झोपेचं सोंग करायची, आणि दार मिटलं की तो गेला की अजून उभाच आहे हे तिला कळत नसे. इतक्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंही नव्हतं.

"एका सोमवारी इरेनाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं," बाहेरचा आवाज म्हणाला. "सकाळी तिला दवाखान्यात सोडून मी पाळीवर आलो. रजा मिळाली नव्हती. आणि समोर जागा रिकामी. मुकादम आला, म्हणाला, प्रूइट कुठाय. मी म्हणालो, आला नाही."

बाहेर एक स्क्रू निघून जमिनीवर पडला.

"दोनच शब्द. ईस्टरच्या आत त्याला कामावरून काढलं. युनियनच्या माणसानं मुकादमाला असं सांगायचं नसतं. कुणी मला काही बोललं नाही, सगळ्यांना कळलं मात्र. सगळे म्हणाले, दारूनं गेला. दारूनंच गेला म्हणा. पण दारू सतरा वर्षं होती, आणि तोही सतरा वर्षं होता."

नंबरप्लेट निघाली. ते एक हात बंपरवर टेकून, दमानं उठले. प्लेटवरची धूळ त्यांनी बाहीनं पुसली.

डेलिया पुढच्या सीटवर येऊन बसली. किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागलं. तिला इथून निघून जायचं होतं, आणि ज्या माणसापासून निघून जायचं होतं तो तिच्या खिडकीपाशी येऊन वाकला होता, तळहातांत प्लेट धरून.

"तीन दिवसांत कचेरीत जाऊन नाव चढवून घे. विम्याचा कागद समोरच्या कप्प्यात राहू दे. पोलिसानं अडवलं तर मालकीचा आणि तो, दोन्ही कागद दाखवायचे."

"हो."

"आणि ते मी उगाच बडबडलो. म्हातारपणी माणसाचं तोंड बंद होत नाही." त्यांनी प्लेट दुसऱ्या हातात घेतली. "पण त्याच्या घरचं कुणी कधी भेटलंच तुला, तर..."

त्यांनी टोपी मागे सारली, पुन्हा पुढे ओढली.

"वेंडल गेले," डेलिया म्हणाली. "नोव्हेंबरमध्ये वर्ष झालं."

बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. वेगळ्या प्रूइटांना महिना कशाला माहीत असेल? तिनं समोरच्या काचेकडे बघितलं. काचेवरचे पांढरे आकडे आतून उलटे दिसत होते.

"माहीत आहे," डुडेक म्हणाले. "मी होतो अंत्यविधीला. चर्चमध्ये, मागच्या बाकावर. तू निळा कोट घातला होतास, आणि पोटात ही असावी."

तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"नंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांना कॉफी होती. मी थांबलो नाही."

म्हणजे तिनं कोपऱ्यावरून येताना पहिलं पाऊल टाकलं तेव्हापासून त्यांना ठाऊक होतं. तीनदा दार वाजवताना ठाऊक होतं. ती सोमवारचं ते वाक्य बोलली तेव्हाही ठाऊक होतं, आणि कोणाची मुलगी ते बोलतेय हेही. डेलियाच्या कानांतली उष्णता मानेवर उतरली, तिथून खाली, हातांपर्यंत.

"चल, निघ," ते म्हणाले, आणि मागे सरले. "पोरीला भूक लागेल. हळू घे मागे, त्या बाजूला गटार आहे."

ते वाटेच्या टोकाशी जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी तिला खुणावू लागले. ये, ये, अजून ये, रस्ता मोकळा आहे. प्लेट त्यांनी बगलेत धरली होती. डेलियानं आरशात बघत गाडी हळूहळू मागे घेतली. विनी मागे खुर्चीत पाय हलवत स्वतःशीच काहीतरी म्हणत होती. चाकं रस्त्याला लागली. आता फक्त वळायचं आणि जायचं.

तिनं गाडी तिथेच कडेला घेतली. किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबल्यावर गल्ली एकदम शांत झाली. घराच्या खिडकीत पडद्यामागे कुणीतरी उभं असल्याचं तिला दिसलं. ती उतरली आणि वाटेवरून परत त्यांच्याकडे चालू लागली. काय म्हणायचं ते तिनं ठरवलं नव्हतं.

डुडेकांनी तिला येताना पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला काळजीची आठी पडली. त्यांना गाडीचीच काळजी वाटली असावी.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "काही राहिलं का?"

"हो," डेलिया म्हणाली.