भिंतीपलीकडचे ठोके

लोकांना घाबरवण्याच्या धंद्यात यशोधन मुजुमदार चांगलाच मुरला होता. सिनेमे मुंबईत बनायचे, पण त्यांचे ट्रेलर कापायचं आणि त्यांना आवाज द्यायचं काम इंदुरात, स्नेहलतागंजातल्या एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत चालायचं. अर्धवट उघडं दार दाखवायचं, दारामागचा माणूस दाखवायचा नाही. खालून घुमणारा आवाज चढवत न्यायचा आणि लोक दचकायच्या तयारीत बसले की सगळं एकदम बंद करायचं. त्या शांततेत माणूस आपला आपणच घाबरतो, आपण फक्त जागा करून द्यायची, असं तो ऐटीत सांगायचा. त्याच्या आईला, शशिकलाबाईंना, हे सगळं नसती उठाठेव वाटायचं. चांगल्या घरची माणसं पैसे मोजून भ्यायला जातात, याचं तिला भारी नवल होतं.

घरात बाबांचा आवाज मात्र बंद झाला होता. गजानन मुजुमदार म्हणजे गणिताचे मास्तर. एके काळी शेवटच्या बाकावरचा पोरगाही त्यांच्या हाकेनं ताठ बसायचा. लकवा झाला आणि उजव्या अंगाबरोबर वाचाही गेली. मग आईनंच युक्ती काढली. डाव्या हाताशी स्टीलची वाटी ठेवायची, काही लागलं की ती भिंतीवर आपटायची. एखादा ठोका आला तर पाणी किंवा असंच काही हवं असायचं. ठोके थांबलेच नाहीत, तर हातातलं टाकून धावायचं. भिंतीच्या अलीकडे यशोधनचं टेबल होतं, अगदी भिंतीला टेकलेलं. हेडफोन असले तरी ठोका टेबलातून त्याच्या कोपरापर्यंत पोचायचा. म्हणून तर आई त्याच्या भरवशावर बाजारात जायची.

नवा ट्रेलर देवांशचा होता. देवांश मूळचा जुनी इंदूर मोहल्ल्यातला, आता मुंबईत दिग्दर्शक. सिनेमात एका बंद घरात कोणीतरी भिंतीआडून ठोठावत राहतं, आणि यशोधननं पाठवलेला एकही ठोका देवांशला पसंत पडत नव्हता.

"भिया, हे सगळं सुना हुआ आहे," तो फोनवर म्हणाला. "काही असली दे ना, घरातलं."

घरातलं म्हटल्यावर यशोधनला फार शोधावं लागलं नाही. त्यानं भिंतीला माईक लावला आणि बाबांना म्हणाला, "बाबा, जरा वाजवा ना. पिक्चरमध्ये घालतो तुमचा आवाज." बाबांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. इतकी वर्षं शिकवत आलेल्या माणसाला बऱ्याच दिवसांनी कोणीतरी काम सांगितलं होतं. हात दुखेपर्यंत त्यांनी वाटी वाजवली.

यशोधननं ते ठोके जड केले, खाली घुमवले. देवांश खूश झाला. फक्त शेवट जमेना. काळ्या पडद्यावर सिनेमाचं नाव यायच्या आधी ते ठोके कसे संपवायचे, यावर गाडी अडली होती.

त्या दुपारी आई किराणा आणायला सियागंजला गेली. "लक्ष दे रे," दारातून ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि हेडफोन चढवले.

शेवटचा भाग त्यानं पुन्हा पुन्हा चालवला. चित्र काळं पडलं की ठोके सुरू. आणि एका खेपेला ते भलतेच चांगले वाटले. सुरुवातीला घाईघाईनं एकावर एक पडले, मग दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं, मध्येच एक अगदी हलका, मग पुन्हा जोर केल्यासारखा एक, आणि मग काहीच नाही. ती शांतता टेबलावरच्या त्याच्या कोपराला जाणवली. अंगावर काटा आला. आजवर एवढी भीती त्याला स्वतःच्या कामाची कधी वाटली नव्हती, आणि त्याचा त्याला केवढा आनंद झाला. त्यानं फाइल देवांशला पाठवून दिली, वर फोनही केला. "शेवट जमला. ठोके तुटत तुटत जातात बघ, मजा येईल."

आई परतली ती थेट बाबांच्या खोलीत गेली. मग तिनं हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच त्याला कळलं.

"वाजवलं होतं का रे त्यांनी?" तिनं विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

आईनं त्या 'नाही'चा मोठा आधार घेतला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती तेच सांगे. "सोते सोतेच गेले हो. वाटी हाताशीच होती, पण वाजवायची वेळच नाही आली. शांतीनं गेले." ऐकणाऱ्यांनाही बरं वाटायचं.

बाबांचे दिवस झाल्यावर देवांशचा फोन आला. आधी सांत्वन केलं, मग अडखळत म्हणाला, "भिया, जल्दी नाहीये. पण त्या फाइलमध्ये ठोके सगळे एकसारखे आहेत. तू तुटत जातात म्हणालास, ते वालं व्हर्जन पाठव ना."

दुसरं व्हर्जन नव्हतंच. हेडफोन घालवेना, म्हणून यशोधननं फाइल स्पीकरवर लावली. पडदा काळा झाला. ठोके आले, सारख्या अंतरानं, शिस्तीत, एकाही ठिकाणी न तुटता. त्यानं पुन्हा लावली. त्या दुपारी ऐकलेलं त्यात काहीच नव्हतं. कोपराखालचं टेबल गार लागलं.

"आले, आले हो," स्वयंपाकघरातून आई धावली. ओल्या हातांनी ती बाबांच्या खोलीत शिरली आणि रिकाम्या पलंगापाशी थबकली. यशोधननं आवाज बंद केला आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिला. गप्प राहिला असता तर कोणालाही कधी कळलं नसतं. तेवढ्या वेळात त्यानं तोही विचार केला, आणि स्वतःची किळस आली.

"आई, त्या दिवशी वाजवलं होतं त्यांनी."

ती वळली नाही.

"मी ऐकलं गं. मला वाटलं, माझंच काम आहे. मला वाटलं, चांगलं जमलंय."

आईनं ओले हात पदराला पुसले, पुसतच राहिली.

"किती वेळ?"

खोटं सांगायला त्याची जीभ वळली नाही. "बराच. शेवटी लांब लांब पडत होते."

ती पलंगाच्या कडेवर बसली. भिंतीवर वाटीनं पोपडे उडालेली जागा होती, तिच्यावर तिनं हात ठेवला.

"म्हणजे वाट बघत होते," ती म्हणाली.