राखणदाराचे जाकीट

मित्रांनो, मी एक जुने जाकीट आहे. हिरवे, पाठीवर पिवळ्या पट्ट्या आणि मोठ्या अक्षरांत ‘राखणदार’. सान रुपेर्तो नावाच्या वस्तीच्या कचेरीत, खिळ्याला, मी लटकते. माझ्या काठाला एक जळके भोक आहे. ते कसे पडले ते आठवले की आजही माझे धागे आखडतात.

बाजारातल्या शिंप्याने मला शिवले तेव्हा मी कडक, करकरीत होते. वस्तीला राखणदार सात आणि जाकीट एकच. ज्याची पाळी, त्याच्या अंगावर मी. सातही जणांचा घाम मी वासावरून ओळखते. चेन वर सरकली की वाकलेली पाठही ताठ होई, हे मी रोज पाहत होते. पुराच्या वर्षी माणसे घरे सोडायला तयार नव्हती. मला पाहताच मुकाट होडीत बसली. कपितानने, म्हणजे वस्तीच्या मुखियाने, मला थोपटले. मी फुगले. माणसांना धीर देते ते मीच, असे मला वाटू लागले.

या सातांत पिलो सगळ्यात भित्रा. तो चपला शिवायचा. त्याचे काळीज माझ्या अस्तराला सतत धडधडताना जाणवायचे. कुत्रा भुंकला तरी धडधड.

एकदा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या लिगाया मॅडम कचेरीत आल्या. त्यांनी पिलोला कागद दिला. ‘मी अमुक आहे’ अशी वाक्ये लिहायची. त्याने लिहिले, ‘मी चप्पलवाला आहे. मी निनांग सेपांचा मानलेला मुलगा आहे. मी भित्रा आहे.’ मग मॅडमनी त्याला मला घालायला लावले आणि दुसरा कागद पुढे केला. आता त्याने लिहिले, ‘मी राखणदार आहे. मी कडक आहे. मला कोणी उलटून बोलत नाही.’

“बघा!” मॅडम हसल्या. “हात तोच, पेन तेच. लोक जाकिटाशी बोलतात, मग माणूसही स्वतःला जाकीटच समजायला लागतो.”

“मॅडम, मग मला दोन पगार द्यायला सांगा कपितानला,” पिलो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. पहिला कागद त्याने घडी करून माझ्या छातीवरच्या खिशात कोंबला. मीही मनात हसले होते.

संताच्या जत्रेला मोठे पाहुणे येणार होते. चर्चपुढचा रस्ता मोकळा करा, असा कपितानचा हुकूम सुटला. पाळी पिलोची. बाकीच्या विक्रेत्यांनी मला पाहूनच पथाऱ्या गुंडाळल्या. उरल्या सेपा. वय बहात्तर. पिलोच्या बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेणारी त्याची निनांग, म्हणजे धर्ममाता, आई गेल्यावर त्याला भरवणारी. मातीच्या चुलीवर, वर-खाली निखारे ठेवून त्या तांदळाच्या पिठाचा गोड केक, बिबिंका, भाजत होत्या. त्या चुलीवरच त्यांचे पोट होते.

“आलास बाबा? बस. ही गरम आहे, घे.”

“उचल हे.”

“अरे, एवढी भाजून होऊ दे की.”

“ए म्हातारे! सांगितलेलं कळत नाही? उचल!”

मित्रांनो, मी हबकले. या बाईला त्याने जन्मात कधी ‘अगं’ म्हटले नव्हते. मला काही समजायच्या आत त्याचा पाय उठला. चूल फुटली. पीठ सांडले, निखारे रस्ताभर उडाले, एक माझ्या काठाला चिकटला. पण मी हादरले ते त्याने नाही. मी त्याच्या छातीवर होते. कुत्र्याला घाबरणारे ते काळीज त्या क्षणी अगदी शांत होते. एक ठोका चुकला नाही!

सेपा खापऱ्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिठाने माखलेला हात, पालथा, त्याच्यापुढे धरला. भेटल्यावर थोरांचा हात कपाळाला लावायचा, ही तिथली रीत. पिलोने ती कधी चुकवली नव्हती.

“आज हे राहिलं तुझं,” त्या म्हणाल्या.

तेव्हा ते काळीज उसळले. असे धडधडले की माझी शिवण उसवेल असे वाटले. त्याने घाईघाईने चेन ओढली, मला रस्त्यावर टाकले आणि गुडघ्यांवर बसून तो हात कपाळाला लावला. कपाळावर पीठ लागले.

“निनांग, तो मी नव्हतो हो. ते जाकीट... जाकीट घातलं की मला काहीतरी होतं.”

सेपांनी हात काढून घेतला.

“जाकिटाला पाय कुठे असतात रे, पिलो?”

धुळीत पडल्या पडल्या मी ते ऐकले आणि माझा जन्मभराचा तोरा उतरला. पुरातल्या माणसांना मी वाचवले नव्हते. वाचवले ते होडी ओढणाऱ्या हातांनी.

पिलोने नवी चूल नेऊन दिली. सेपांनी ती घेतली, पण त्याला ‘बस’ म्हणायला त्यांना वर्ष लागले. कचेरीत आता नवी नारिंगी जाकिटे आली आहेत. मला कोणी झटकतही नाही. त्याचे मला वाईट वाटते, पण तक्रार नाही.

एवढेच मागणे आहे, मित्रांनो. उद्या तुमच्याही छातीवर वर्गप्रमुखाचा बिल्ला लागेल, अंगावर कसला तरी गणवेश चढेल. तो जरूर मिरवा. पण आधी आपण कोणाचे कोण, हे कागदावर लिहा. आणि लिहिलेले अधूनमधून काढून वाचा. नुसते जवळ ठेवून भागत नाही. चूल फुटली तेव्हा पिलोचा कागद माझ्या खिशातच होता, त्याच्या काळजापासून बोटभर अंतरावर.