चार नंबरची खाट

सगळा मजला त्यांना ‘झालंसाहेब’ म्हणायचा. काम हातात घ्यायच्या आधीच ‘झालं’ म्हणून मोकळं व्हायची त्यांची खोड, आणि मागचं निस्तरायला कुणी ना कुणी असायचंच. बहुतेक वेळा त्यांची सहायिका. प्रत्येक गोष्ट तोलूनमापून बघायची, म्हणून तिलाही तिथे नाव पडलं होतं: तराजू.

त्या दुपारी साहेब तिच्या टेबलाला टेकून चहात बुडवलेलं बिस्किट खात होते. ओला तुकडा तिच्या कीबोर्डवर पडला. त्यांनी तो बोटानं उचलला, तोंडात टाकला आणि त्याच बोटानं स्क्रीनवर टकटक केलं.

“बघ. प्रत्येक ओळीपुढे ‘यशस्वी’. फायली क्लाउडवर चढवणारी ही स्क्रिप्ट माझ्या हातची आहे. आता ह्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून टाक. भाड्याचा आहे, न्यायला माणूस येऊन खाली बसलाय.”

काचेवर ओलसर ठसा राहिला. तिनं तिकडे न पाहायचं ठरवलं.

कॉम्प्युटरवर रंगकारखान्यांतल्या आजारी कामगारांच्या मुलाखती होत्या. इस्पितळाच्या निरनिराळ्या वॉर्डांतल्या नर्सनी त्या शब्दन्‌शब्द टाइप केल्या होत्या. कारखान्यांवर कारवाई करायची की नाही हे ठरवणारी समिती या मुलाखती क्लाउडवरून वाचणार होती. त्यातली एक मुलाखत तिच्या मावशीची. मावशी आता नव्हती. तिचं बोलणं तेवढं इथे उरलं होतं.

पुसण्याआधी तिनं क्लाउडवरची मावशीची फाइल उघडली. ‘खाट-४’. वॉर्डात माणूस खाटेवरून ओळखला जातो, म्हणून नर्सनी फायलींनाही खाटेचेच नंबर दिले होते.

आत कुणी पुरुष बोलत होता. तो गोदामात हमाल होता, आणि जिना चढताना त्याला धाप लागत होती.

तिनं फाइल बंद करून पुन्हा उघडली. तोच हमाल. मग तिनं कॉम्प्युटरवर पाहिलं. तिथे प्रत्येक वॉर्डाचं वेगळं फोल्डर होतं आणि प्रत्येकात एक ‘खाट-४’. साहेबांच्या स्क्रिप्टनं फोल्डर सोडून नुसत्या फायली उचलल्या होत्या आणि क्लाउडवर एकाच ढिगात टाकल्या होत्या. मागून आलेली ‘खाट-४’ आधीचीला मिटवून तिच्या जागी बसत गेली, आणि दर वेळी पुढे ‘यशस्वी’ उमटत गेलं.

“साहेब, एका नावाच्या फायली एकमेकींवर चढल्यात. बहुतेक मुलाखती वर नाहीतच.”

“सकाळीच आलं लक्षात,” साहेब दुसरं बिस्किट काढत म्हणाले. “फायलींचा आकडा कमी दिसला.”

“मग?”

“मग काय? सगळं पाठवलं म्हणून समितीला कळवून झालं होतं. हे बघ तराजू, सगळे खोकतातच. ह्याचं वाचलं काय नि त्याचं वाचलं काय. शितावरून भाताची परीक्षा.”

त्यांच्या मिशीला चिकटलेला भुगा बोलताना हलत होता, आणि त्यावरून तिची नजर हटेना.

तिनं कॉम्प्युटरवरची मावशीची फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचली. “‘दिवसभर टाकीवर वाकायचं. घरी आलं की थुंकी निळी. पोरं हसायची. मी म्हणायची, हसा, तुमची आई आतून नवीकोरी रंगवलीय.’”

साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं.

“हमालानं निळ्या थुंकीचं काहीच सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “तो टाकीवर नव्हताच.”

तिनं स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. आता फायलीच्या नावाआधी वॉर्डाचं नाव लागणार होतं.

“थांब,” साहेब म्हणाले. “आज आकडा वाढला तर समितीला काय तोंड दाखवू मी?”

“आहे तेच.”

ते खाली वाकून प्लगकडे हात नेऊ लागले, तशी तिनं खुर्ची सरकवून प्लगपुढे घेतली.

“नोकरी जड झालीय का तुला?”

“नाही साहेब. किळस आलीय.” तिचा आवाज चढला नव्हता.

स्क्रिप्ट सुरू झाली. साहेब तणतणत फोनकडे गेले आणि त्यांनी खालच्या माणसाला वर बोलावलं. स्क्रीनवर ‘यशस्वी’च्या ओळी पडत होत्या. त्या शब्दावरून तिचा विश्वास उडाला होता. तिनं थेट क्लाउडवरची मावशीची फाइल उघडली. टाकी, पोरं, निळी थुंकी, सगळं जागच्या जागी होतं. तिनं दुसऱ्या वॉर्डाची ‘खाट-४’ उघडली, मग तिसऱ्या.

माणूस दारात आला. “झालं का, ताई?”

“नाही अजून,” ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसत ती म्हणाली. “बसा जरा. वेळ लागेल.”

साहेबांकडे एकदा बघून त्यानं खुर्ची ओढली.