डेसच्या शर्टाचा लंगोट

हसू नका, मी एक लंगोट बोलतोय. घरी शिवलेला, आणि तोही पहिल्यांदाच शिवायला बसलेल्या हातांनी. माझी डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर मोठी आहे, ती त्यामुळेच.

त्याआधी मी निळ्या चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट होतो. टास्मानियात बॉथवेल गावी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या डेसने मला अकरा हिवाळे अंगावर वागवलं. तो गेला तेव्हा मी न धुतलेलाच दारामागे टांगलेला होतो. त्याच्या बायकोने, नोलीनने, मला हलवलं नाही. रोज सकाळी यायची, माझ्या कॉलरमध्ये नाक खुपसायची आणि मग चहा ठेवायची. लोकरीचा, लाकडाच्या धुराचा आणि डेसच्या घामाचा तो वास तिला पुरत होता.

आठ महिन्यांनी त्यांची मुलगी किरली बाळासाठी कापडाचे लंगोट शिवायला बसली, तेव्हा नोलीनने मला तिच्या हातात दिलं.

"याचा एक शिव. बाबांकडून नातवंडाचा एवढा तरी लाड होऊ दे. पण धुवायचा नाही हं!"

किरली भलतीच आज्ञाधारक निघाली. तिने मला धुतलं नाही, आणि आतून लावायचं कोरं कापडही धुतलं नाही. कात्री लागली तेव्हा मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? तिने पाय घालायची जागाच शिवून टाकली, मग उसवली, मशीनला शिव्या घातल्या. तीन संध्याकाळी अशाच गेल्या. शेवटचं टिचबटण लागलं तेव्हा तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या.

मग विनी जन्मली. मला घालून तिला आजीच्या मांडीवर दिलं आणि व्हायचं तेच झालं. कोऱ्या कापडाची खळ गेली नव्हती, त्यात पाणी मुरेना. सगळं घरंगळून थेट नोलीनच्या स्कर्टवर!

किरली ओशाळली. "आई, कापड आधी चार-पाचदा गरम पाण्यात धुवायचं असतं म्हणे. मला आज कळलं."

"म्हणजे आता हा धुवावा लागणार?"

"नको गं. गार पाण्यातून काढते आणि ठेवते कपाटात. मी दुसरे शिवीन."

कपाटात! डेसने मला हिवाळ्यात कधी एक आठवडाही रिकामं ठेवलं नव्हतं. पण मला कोण विचारतो?

नोलीन बराच वेळ मला हातात धरून बसली. मग उठली.

"तो असता तर म्हणाला असता, अगं बये, लंगोट काय भिंतीवर लावायचा असतो?"

तिने स्वतः पाणी तापवलं. प्रत्येक धुण्यानंतर मला नाकाशी नेऊन पाहायची. तिसऱ्या वेळी तिला काहीच मिळालं नाही. तिने मला तोंडावर दाबून धरलं आणि रडली. मलाही फार वाईट वाटलं. मग डोळे पुसून तिने मला चौथ्यांदा पाण्यात टाकलं.

वाळल्यावर आतलं कापड आकसलं होतं.

"आई, हा तर वाटीसारखा झालाय!"

"असू दे. बाळाचं ढुंगण कुठे सपाट असतं?"

आता दिवसाआड माझी पाळी येते. एक थेंब बाहेर जाऊ देत नाही मी. रंग उडालाय, एका कडेचे दोरे सुटलेत. तुमच्याही घरी असं कुणाचं काही जपून ठेवलेलं असेल, तर ते वापरा हो. आम्हाला वापरात राहायला आवडतं.

मला घालताना विनी पाय झाडते, तेव्हा नोलीन तिच्या पोटावर हात ठेवते.

"भिजव गं बिनधास्त," ती म्हणते. "तुझे आजोबाच आहेत ते."