फुटाला अर्धा इंच उतार

मी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका टेकडीवरची खडीची वाट बोलतेय. वरच्या गावरस्त्यापासून निघते आणि दोनशे पावलं उतरून लुसियन आणि डेल्फिन थिबो या म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या दाराशी थांबते. आज मी ताठ मानेनं बोलते आहे, पण माझा जन्म काही अभिमानाचा नव्हता.

लुसियननं तरुणपणी घाईघाईत मला खरवडलं आणि वर नदीतले गोटे ओतले. मी मधोमध खोलगट, पन्हाळीसारखी. पाऊस पडो की बर्फ वितळो, सगळं पाणी माझ्या पोटातून थेट गॅरेजच्या दारात. थंडीत तिथं काचेसारखा बर्फ धरायचा. जमिनीत मुरलेलं पाणी गोठून फुगायचं आणि मला ठिकठिकाणी उचलून धरायचं. मार्च सरला की मी नुसता चिखल.

मग एका जानेवारीत, सकाळी चुलीची राख टाकायला निघालेला लुसियन माझ्यावर घसरला. खुब्याचं हाड मोडलं. डेल्फिन धावत येईपर्यंत तो माझ्या बर्फावर पडून होता. त्याचं कण्हणं ऐकत मी तशीच पडून राहिले. दुसरं काय करणार?

इस्पितळातून घरी परतल्यावर त्यानं उंबरा ओलांडणं सोडलं. "शहरात म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत, तिकडे जाऊ," एवढंच म्हणायचा. एका ठिकाणी नावही नोंदवून ठेवलं. डेल्फिनला इथून हलायचं नव्हतं. तिनं वाद घातला नाही. लुसियनच्या थोरल्या बहिणीला फोन केला.

ओडेट थिबो. एकतीस वर्षं गावचे रस्ते सपाट करायचं मोठं यंत्र चालवलेली बाई. ती मे महिन्यात भर पावसात आली, टोपी मागे सारून वरपासून खालपर्यंत चालत गेली आणि खिडकीखाली उभी राहून ओरडली, "लुसियन, पाण्याला घरी जेवायला बोलावलंयस का रे?"

"वाट पहिल्यापासून अशीच आहे," आतून उत्तर आलं.

"पहिल्यापासून चुकलीय! जुनी झाली म्हणून काय बरोबर झाली?"

ऑगस्टमध्ये काम सुरू झालं. ओडेटनं माझे गोटे आणि खालची चिखलमाती उपसली. जाड कापड अंथरलं, त्यावर मुठीएवढे दगड आणि वर फोडलेली खडी घातली. "गोटे एकमेकांवरून घसरतात. ही टोकेरी खडी एकमेकीला धरून बसते," ती म्हणाली. दोन्ही कडांना चर खणले. वरच्या बाजूच्या चरातलं पाणी पलीकडे जावं म्हणून माझ्या पोटाखालून एक नळ घातला. गॅरेजपुढची जमीन घरापासून दूर उतरती केली. आणि मला पाठ दिली. मध्यापासून कडेपर्यंत दर फुटाला अर्धा इंच उतार. बारा फूट रुंद मी, मधोमध तीन इंच उंच!

"वाट करतेस का टेकाड?" खिडकीतून लुसियन.

"टक्कल पडलंय ना तुला? पाऊस थांबतो का त्यावर? तसंच हे."

डेल्फिन इतकी हसली की तिच्या हातातली कॉफी सांडली. लुसियन चिडला, पण कुबडी घेऊन बाहेर आला, खुर्चीवर बसला आणि त्यानं मापाच्या दोरीचं एक टोक धरलं. "तू चुकतेस का बघायचंय मला," म्हणाला. ती चुकली नाही.

पुढच्या मार्चमध्ये साचलेल्या बर्फावर धो धो पाऊस आला. नळाचं तोंड बर्फानं बंद झालं होतं. वरचा चर भरत चालला. अजून चार बोटं, आणि पाणी माझ्या पाठीवरून वाहिलं असतं. मी घाबरले. इतक्यात लुसियन दारातून बाहेर पडला. एका हातात काठी, दुसऱ्यात पहार.

"लुसियन, परत ये! पडशील!" डेल्फिन ओरडली.

"पाणी चढतंय, बाई!"

त्यानं चराच्या काठाशी गुडघे टेकले आणि घाव घातले. तिसऱ्या घावाला बर्फ तडकला. नळानं मोठा आवंढा गिळल्यासारखं केलं आणि पाणी पलीकडे, ओढ्याच्या दिशेनं सुटलं. तो उठला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की घरापासून इथवर त्याचा पाय एकदाही सरकला नव्हता. माझ्यावर तो बराच वेळ उभा राहिला, भिजत.

"डेल्फिन," तो म्हणाला, "शहरातल्या त्या लोकांना कळव. आम्ही येत नाही म्हणावं."

आता दरवर्षी एप्रिलमध्ये टेकडीवरच्या वाटा चिखलात बुडतात, तेव्हा शेजारीपाजारी आपापल्या गाड्या माझ्यावर रांगेनं लावतात आणि गमबूट घालून घरी जातात. गेल्या खेपेला सहा गाड्या होत्या. मला त्यांचं ओझं नाही. माझं मागणं एवढंच आहे : थंडी सरायच्या आधी नळाची तोंडं मोकळी करा, आणि बर्फ सारताना फाळ बोटभर वर धरा, माझी खडी खरवडू नका. बाकी मी बघते.

परवा शेजारच्या मेरिटनं माझ्यावर टाच आपटून विचारलं, "लुसियन, हिच्यात घातलंयस तरी काय?"

लुसियननं टोपी सारखी केली. "अपमान," तो म्हणाला. "मोठ्या बहिणीनं केलेला. चांगला दाबून बसवलाय."