सुधाकररावांची हरकत

"काकू, लाइट बिल अजून काकांच्याच नावावर आहे," लॅपटॉपवरून मान वर करत मुग्धा म्हणाली. "मग कंपनीच्या पत्त्यासाठी घरमालकाचं ना-हरकत पत्र लागणार."

श्यामलानं चटकन आतल्या खोलीकडे पाहिलं. सुधाकररावांना जाऊन चौदा महिने झाले होते.

बँकेच्या बदलीनं हे जोडपं कोलकात्याला आलं आणि बालीगंजमध्ये रुजलं. श्यामला जवळच्या बजबजच्या गिरण्यांमधून तागाचं कापड आणून घरीच पिशव्या शिवायची. मशीन सुरू झालं की घरभर बारीक तंतू उडायचे आणि सुधाकरराव खोकायचे. "अगं, हा ताग घराबाहेर काढ," म्हणायचे. "एवढी ऑर्डर होऊ दे," ती म्हणायची. दहा वर्षं तिचं हेच उत्तर. शेवटी फुप्फुसाच्या आजारानं ते गेले; डॉक्टरांनी त्यांच्या सिगरेटला दोष दिला, पण श्यामलाला ते काही केल्या पटलं नाही.

आणि आता मशीन सुरू झालं की आतून खोकला यायचा. कोरडा, दोनदा. तिनं हात थांबवला की तोही थांबायचा. हे सांगणार कुणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

अशात एका मोठ्या कार्यालयानं दोन हजार पिशव्या मागितल्या. अट एकच, नोंदणी झालेली कंपनी हवी. शेजारच्या जोशांची मुग्धा आता सीए झाली होती. तीच एकट्या श्यामलाच्या नावानं कंपनी काढून देत होती.

"वारस तुम्हीच, म्हणजे मालक पण तुम्हीच," मुग्धा म्हणाली. "मी लिहून देते, तुम्ही फक्त साइन करा. या घरात धंदा करायला हरकत नाही, बस."

"त्यांची होती गं हरकत."

"काकांची? पण ते तर..." मुग्धा अडखळली.

"ती लिहायला जागा आहे का कुठे?"

"असा कॉलम नसतो हो, काकू."

श्यामलानं पेन खाली ठेवलं. जिवंतपणी त्या माणसाचं एकदाही ऐकलं नाही, आणि आता त्याच्याच घरात त्याची हरकत पुसून टाकायची? तिचा हात धजेना.

तळमजल्यावरच्या सरलाबाईंचं गॅरेज मोटार विकल्यापासून रिकामं होतं. ते तिनं भाड्यानं घेतलं. पत्र सरलाबाईंनी दिलं, कंपनी त्या पत्त्यावर झाली. हमालांनी मशीन आणि तागाचे गठ्ठे खाली नेले. श्यामलानं फ्लॅट कोपरान्‌कोपरा पुसून काढला, पडदे धुतले, आणि आतल्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "काढला हो सगळा. आता मोकळा श्वास घ्या."

खाली काम सुरू झालं. पहिल्या दिवशी ती दर टाक्याला कान देत होती. घरी आल्यावरही देत होती. आठवडा गेला, पंधरवडा गेला. खोकला वर नाही, खाली नाही.

पिशव्या मुदतीच्या चार दिवस आधी रवाना झाल्या. मुग्धा मिठाई घेऊन आली.

"काकू, इतक्या लवकर कशा झाल्या?"

"मध्ये कुणी थांबवलंच नाही गं," श्यामला म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.